तव्यावरचा थर

मंडळी, या शनिवारचा विषय आहे तवा. हसू नका. आमच्या ऑफिसात गेल्या वर्षभरात निदान पाच-सहा जणांनी हौसेने बिडाचा तवा मागवला. घरी आला, दोन-तीन धिरडी झाली, एका रात्री ओलाच राहिला, सकाळी भगव्या गंजाने माखलेला दिसला, आणि मग ओट्याखाली गेला तो गेलाच. वर पुन्हा नॉनस्टिक. चहाच्या मशीनपाशी चर्चा मात्र चालूच: 'अरे, बेस्ट मेटल कुठलं?'

माझ्या मते हा प्रश्नच जरा चुकीचा आहे. भांड्याच्या इतिहासात धातू बदलत गेले हे खरं, पण अन्न थेट धातूवर क्वचितच शिजलं. मध्ये कायम एक पातळ थर होता. कधी पेजेचा, कधी कथलाचा, कधी जळलेल्या तेलाचा, कधी डोळ्यांना न दिसणारा. भांडं चांगलं की वाईट हे त्या थरावर ठरलं, आणि तो थर टिकला की नाही हे तो कोण सांभाळतंय त्यावर. आपल्या भाषेत सांगायचं तर हा हार्डवेअरचा नाही, मेन्टेनन्सचा प्रश्न आहे.

हे नीट दिसावं म्हणून मी एकच जिल्हा घेतोय, माझा नगर. (२०२४ साली जिल्ह्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर झालं, पण एसटीच्या रांगेत अजून 'नगर'च ऐकू येतं.) नगर घेण्याची दोन कारणं. एक म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांपासून आजच्या इंडक्शनपर्यंत सगळा प्रवास याच मातीत सापडतो. दुसरं म्हणजे इथला माणूस भाकरी खातो, आणि भाकरी ही तव्याची सर्वात कडक परीक्षा आहे. का ते पुढे येईलच.

माती

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल यांना तिथे जमिनीत चार धातूच्या वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोच्या वर. बहुतेक अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. काहींना या काळाबद्दल शंका आहे. काळ कुठलाही धरा, साठ किलो धातू म्हणजे त्या जमान्यात अफाट श्रीमंती.

आणि त्या काळात प्रवरेकाठी स्वयंपाक कशात व्हायचा? मातीत. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ साली ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. दख्खनच्या ताम्रपाषाण काळातल्या एका अख्ख्या संस्कृतीला या गावाचं नाव मिळालं. तिथे तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी मिळाल्या. जोर्व्याची खास भांडी म्हणजे लाल लेपावर काळी नक्षी, इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. पण चुलीवर जायची ती जाडीभरडी, बिननक्षीची मडकी. थोडक्यात, धातू मिरवायला आणि तोडायला, माती शिजवायला. धातू चुलीवर चढण्याइतका स्वस्त व्हायला अजून बराच काळ जायचा होता.

मातीच्या भांड्याची अडचण एकच, ते सच्छिद्र असतं. म्हणून नवं मडकं आधी रात्रभर पाण्यात ठेवायचं आणि मग त्यात पेज किंवा कण्या शिजवायच्या. पेजेतला स्टार्च छिद्रांमध्ये जाऊन बसतो, मग तेल, मग धूर. हा आपला पहिला थर. 'सीझनिंग' हा शब्द यूट्यूबवरून आला असेल, काम फार जुनं आहे.

पण छिद्रांत बसलेलं अन्न पूर्ण निघत नाही. म्हणून धर्मशास्त्राने भांड्यांची सरळ वाटणी केली: धातूचं भांडं राख, आंबट आणि पाणी यांनी शुद्ध होतं, मातीचं मात्र पुन्हा भाजा नाहीतर टाकून द्या. सुतकात मडकी फोडायची प्रथा यातलीच. परिणाम असा की मातीवर स्वयंपाक करणाऱ्या घराला कुंभाराकडे पुन्हा पुन्हा जावं लागे. आणि ज्याच्याकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं त्याला 'देऊ नकोस' असं सांगणारा कुणीतरी निघतोच.

मुक्ताबाईच्या मांड्यांची गोष्ट आपण लहानपणापासून चमत्कार म्हणून ऐकतो. संन्याशाची मुलं म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडं. मुक्ताबाईला मांडे करायचे असतात, आणि मांडे भाजायला खापर लागतं. विसोबा चाटी गावातल्या कुंभारांना बजावतो की या पोरांना खापर द्यायचं नाही. मग ज्ञानेश्वर योगबळाने अंगात अग्नी चेतवतात आणि मुक्ताबाई भावाच्या पाठीवर मांडे भाजते. (हाच विसोबा पुढे पालटला आणि विसोबा खेचर म्हणून नामदेवांचा गुरू झाला.) कथा आळंदीची, पण ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती आमच्या नेवाशात, १२९० साली. आणि संतांच्या गोष्टी मराठी घराघरात पोचवणारे महिपती हे राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे.

चमत्कार घटकाभर बाजूला ठेवा आणि विसोबाचा डाव बघा. त्याने पीठ अडवलं नाही, पुरण अडवलं नाही, सरपण अडवलं नाही. त्याने तवा अडवला. एखाद्या घराची चूल बंद पाडायला तेवढं पुरतं हे कथा सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही पक्कं माहीत होतं.

तांबं, पितळ आणि कल्हई

नगर शहर १४९० साली अहमद निजामशहाने वसवलं. १५४९ साली याच शहरात 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन, धातू तांबं आणि कथील यांचा मिश्र. ती पुढे विजापूरला गेली आणि अजून तिथेच आहे. तोफेची आठवण एवढ्यासाठीच की नगर जिल्ह्यात ना तांब्याची खाण आहे ना कथलाची. दोन्ही धातू बाहेरूनच यायचे. कथलाचा प्रवास तर 'कल्हई' या शब्दातच दिसतो. अरबीत कथलाला 'कलई' म्हणतात, आणि तो शब्द मलायाच्या किनाऱ्यावरच्या 'कलह' नावाच्या जुन्या बंदरावरून आला असं मानलं जातं. म्हणजे नगरच्या पातेल्याच्या आतली चकाकी मलायाहून येत होती. ग्लोबल सप्लाय चेन वगैरे आपण उगाच नवीन समजतो.

तांबट तांब्याचा पत्रा ठोकून भांडी घडवणार, कासार ती विकणार, ही आपल्याकडची जुनी व्यवस्था. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या अहमदनगरच्या गॅझेटियरमध्ये या धंद्याची दखल आहेच. मला त्याहून वाचनीय वाटतं ते जातवार वर्णन. कुणाचं घर कसं, आत सामान काय, हे सांगताना साहेब भांड्यांवर येतोच: या घरात तांब्या-पितळेची, त्या घरात मातीची. एखाद्या कुटुंबाची ऐपत एका ओळीत सांगायची तर भांड्यांची यादी पुरे होती.

कारण पितळी पातेलं हे भांडं कमी आणि बचत खातं जास्त होतं. ते वजनावर घेतलं जायचं आणि अडीनडीला वजनावरच मोडीत निघायचं. लग्नात मिळालेल्या हंड्यावर नाव घातलेलं असायचं, कुणी कुणाला, कधी दिलं. तुमच्या घरी माळ्यावर एखादा जुना हंडा असेल तर आज काढून वाचा. कित्येक घरांत आजी-पणजीच्या नावाचा तेवढाच लेखी पुरावा शिल्लक असतो.

मे १८७५ मध्ये पुण्याजवळच्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या भागांतही पोचला. लोकांनी मुख्यतः एकच गोष्ट जाळली: कर्जाचे कागद. कारण त्या कागदावर कोर्टाचा हुकूमनामा मिळत होता आणि हुकूमनाम्यावर जप्ती. यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. आणि १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० बघा, आजही लागू आहे. कर्जदाराच्या कुठल्या वस्तू जप्त करता येणार नाहीत त्यांची यादी त्यात आहे, आणि अगदी पहिल्याच नोंदीत अंगावरच्या जरुरीच्या कपड्यांबरोबर स्वयंपाकाची भांडी येतात. कायद्याला हे लिहून ठेवावं लागलं यातच सगळं आलं.

आता थराकडे वळू. तांबं आणि पितळ उष्णता झकास वाहतात, पण आंबटाशी त्यांचं जमत नाही. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. (हा 'कळकणं' शब्द आता ऐकू येत नाही, भांडीच गेली तर शब्द काय राहणार.) उपाय म्हणजे आतून कथलाचा पातळ थर. कल्हईवाला गल्लीत बसायचा, जमिनीत छोटी भट्टी, शेजारी भाता. भांडं तापवायचं, आत नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर निघतो आणि तांब्यावरचा ऑक्साइड साफ होतो. मग कथलाची कांडी टेकवायची, ते वितळलं की कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचं आणि भांडं पाण्यात बुडवायचं. चुर्र! काळं पातेलं क्षणात चांदीचं. काही महिन्यांनी थर झिजला की पुन्हा कल्हईवाला. शुद्ध एएमसी.

यातला कळीचा आकडा आहे २३२. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. डाळ, भात, दूध, आमटी यांत पाणी असतं, म्हणून तापमान शंभराच्या आसपासच राहतं आणि कल्हई सुखात असते. भाकरीचं तसं नाही. बाजरीची भाकरी टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकलं की उलटायची. त्यासाठी तवा कोरडा आणि कडकडीत तापलेला लागतो, सहज २३२ च्या पुढे जाणारा. कल्हईचा तवा केला तर कथील वितळून भाकरीला लागेल. म्हणून ज्या घरात पाणी तापवायचा बंब तांब्याचा, पातेली पितळेची, त्या घरातही तवा मात्र काळा लोखंडीच असायचा. यात गरिबी-श्रीमंतीचा संबंध नाही, मेल्टिंग पॉइंटचा आहे.

लोखंड आणि बीड

लोखंडी तव्याचे दोन प्रकार, आणि आपली निम्मी गफलत इथेच होते. एक पत्र्याचा, पूर्वी लोहार ठोकून द्यायचा तो. यात कार्बन कमी, त्यामुळे तो लवचिक. पडला तर पोचा येईल, फुटणार नाही. लवकर तापतो, लवकर निवतो. दुसरा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. यात कार्बन दोन ते चार टक्के, म्हणून ठिसूळ. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतलं तर तडकू शकतो. पण एकदा तापला की उष्णता धरून ठेवतो, म्हणून धिरडी, घावन, आंबोळी याला उत्तम. दख्खनच्या शेतकऱ्याच्या हातात बीड मोठ्या प्रमाणावर आलं ते तव्यातून नव्हे, नांगरातून आणि उसाच्या चरकातून. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा.

(थोडं विषयांतर. गुऱ्हाळावरची काहील विसरून चालणार नाही, रस आटवायची ती भलीमोठी उथळ कढई. आणि प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, तेव्हापासून जिल्ह्यात 'पॅन' म्हणजे साखर कारखान्यातला व्हॅक्युम पॅन आणि तो सांभाळणारा तो 'पॅनमन'. फ्राइंग पॅन फार नंतर आला.)

लोखंडाचा शत्रू गंज आणि लोखंडाचा थर म्हणजे तेल. नुसतं चोपडलेलं तेल नव्हे, तापून बदललेलं. तेलाचा अगदी पातळ थर हवेत खूप तापवला की त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि कडक, काळी, वार्निशसारखी फिल्म तयार होते. कुठलं तेल किती पटकन 'वाळतं' याचा अंदाज आयोडीन व्हॅल्यू या आकड्यावरून येतो. खोबरेल ८ ते १० च्या आसपास, म्हणजे या कामाला ढ. शेंगदाणा साधारण ९०-१००, चालेल. करडई १४० च्या आसपास, झकास. जवस १७० च्या वर, सर्वात जलद, पण जाड लावलं तर थराचे पापुद्रे निघतात. करडई आणि जवस ही दोन्ही आपल्या कोरडवाहू दख्खनची जुनी पिकं. परदेशातून महागडं फ्लॅक्ससीड ऑइल मागवणाऱ्यांनी एकदा किराणा दुकानात जवसाचं किंवा करडईचं तेल विचारून बघावं.

पद्धत साधी आहे. नव्या तव्यावर कारखान्यातलं गंजरोधक तेल किंवा मेण असतं, ते गरम पाणी आणि साबणाने घासून काढा. लगेच गॅसवर पूर्ण सुकवा. बोटभर तेल सगळीकडे चोळा आणि मग कोरड्या फडक्याने असं पुसा की जणू तेल चुकून लागलं होतं. लोक चुकतात ते इथेच. जास्त तेल राहिलं की थर चिकट होतो. आता धूर येईपर्यंत तापवा, बंद करा, गार होऊ द्या. असं चार वेळा. खिडकी उघडी ठेवा, नाहीतर शेजारी येतील. पुढचे काही दिवस त्यावर फक्त तेलकट गोष्टी करा आणि अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवत राहा. चिंच-टोमॅटो घातलेलं काही महिनाभर तरी नको.

भाकरीचा तवा मात्र वेगळा ठेवा. त्याला कोरडेपणा हवा. तेलकट तव्यावर भाकरीआधी धूरच वर येतो.

आणि घासायचं कसं? याची गंमत आहे. चुलीची राख अल्कधर्मी असते, ती तेल कापते. चिंच आम्ल असते, ती ऑक्साइड काढते. तांब्या-पितळेला या दोन्ही गोष्टी अमृत, म्हणून आपल्या मनात 'भांडं स्वच्छ म्हणजे लखलखीत' हे पक्कं बसलंय. तोच न्याय लोखंडाला लावला तर थर साफ होतो आणि तवा पुन्हा शून्यावर. लोखंडी तव्याची आतली बाजू काळी म्हणजेच स्वच्छ. साधा भांड्यांचा साबण हलक्या हाताने चालतो. सोडा, तारेची घासणी आणि रात्रभर सिंकमध्ये भिजवणं चालत नाही.

जर्मन, मग स्टील

अ‍ॅल्युमिनियम स्वस्तात काढायची रीत १८८६ साली सापडली. १८९८ साली मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये आल्फ्रेड चॅटरटन यांनी अ‍ॅल्युमिनियमची भांडी करायला सुरुवात केली आणि तिथून ती देशभर पसरली. आपल्याकडे ती 'जर्मनची' झाली, बहुधा आधीपासून माहीत असलेल्या जर्मन सिल्व्हरमुळे. हलकं, स्वस्त, कल्हई नको. ज्या घरांची ऐपत मातीच्या पुढे जात नव्हती त्यांच्या चुलीवर धातू चढवला तो जर्मनने, हे आपण 'अ‍ॅल्युमिनियम वाईट' म्हणताना विसरतो.

मग स्टील. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी पोलादात क्रोमियम मिसळलं. किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर तयार होतो, आणि तो खरवडला गेला तरी हवेतल्या ऑक्सिजनने आपोआप भरून येतो. या थराला माणूसच लागत नाही. सेल्फ-हीलिंग!

साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या घरांत स्टील घुसलं आणि पितळ गेलं. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीच्या टोपलीत स्टील आलं, दुकानात मोडीला हंडे देऊन स्टीलचे डबे आले. आता आपण हळहळतो. पण जरा विचार करा, पितळेची पंचवीस भांडी रोज चिंच आणि राखेने कोण घासत होतं? पाणी कुठून आणत होतं? नगरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात हंडाभर पाण्याची किंमत सांगायला नको. आजीने पितळ मोडीत काढलं ते तिला परंपरेची किंमत नव्हती म्हणून नाही. तिला त्या परंपरेचा भाव आपल्यापेक्षा चांगला माहीत होता, कारण तो तीच भरत होती.

टेफ्लॉन

६ एप्रिल १९३८ रोजी ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना रेफ्रिजरेटरच्या गॅसवर काम करताना सिलिंडरमध्ये एक पांढरी निसरडी पूड सापडली. हेच टेफ्लॉन. १९५४ मध्ये फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार या इंजिनियरने ते अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनवर बसवलं आणि १९५६ साली टेफाल कंपनी निघाली. इथे इतिहासाला वळण मिळालं. आतापर्यंत थर घरी किंवा गल्लीत तयार होत होता आणि पुन्हा पुन्हा देता येत होता. आता तो कारखान्यात एकदाच बसतो. गेला की भांडंच गेलं. कल्हईवाल्याला द्यायची सोय नाही.

विषारीपणाबद्दल नीट सांगतो, कारण यावर अफवा फार. टेफ्लॉन तयार करताना पीएफओए नावाचं रसायन वापरलं जाई. ते निसर्गात विघटन पावत नाही आणि शरीरात साठतं. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी ते २०१५ पर्यंत बंद केलं आणि २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत ते गेलं. 'पीएफओए-फ्री' लिहिलेल्या पॅनवर टेफ्लॉन असूच शकतं. 'ग्रॅनाइट' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पॅनमध्येही दगड नसतो, ठिपक्यांचं टेफ्लॉनच असतं. मंद आचेवर ऑम्लेट केलं तर काळजीचं कारण नाही. पण साधारण २६० अंशांच्या वर हा थर बिघडू लागतो आणि आणखी तापला तर विषारी वायू सोडतो. मोठ्या गॅसवर रिकामा पॅन काही मिनिटांत तिथे पोचतो.

आलं लक्षात? २३२ ला कल्हई हरली, २६० ला टेफ्लॉन हरतं, आणि भाकरीचा तवा दोन्ही हद्दी ओलांडून बसलेला असतो. नॉनस्टिकवर भाकरी करू नका असं आई सांगते तेव्हा तिला आकडा माहीत नसतो, निष्कर्ष बरोबर असतो.

मग घ्यायचं काय?

भाकरी-चपातीला पत्र्याचा लोखंडी तवा, जरा जाड बघून. धिरडी-डोशाला बिडाचा, सपाट आणि हाताला गुळगुळीत लागणारा. इंडक्शन असेल तर लोखंड आणि बीड दोन्ही चालतात, नुसतं तांबं-अ‍ॅल्युमिनियम नाही. बीड काचेवर घासटू नका, उचलून ठेवा. आमटी, सार, टोमॅटोची ग्रेव्ही याला स्टील. हौस म्हणून पितळेचं पातेलं घेणार असाल तर आधी जवळपास कल्हईवाला आहे का बघा आणि कथलात शिसं मिसळलेलं नाही याची खात्री करा. अंड्यासाठी एखादा छोटा नॉनस्टिक असेल तर असू द्या. लाकडी उलथनं वापरा, आणि थर निघायला लागला की मोह न धरता टाका.

'लोखंडी भांड्यातून लोह मिळतं ना?' हो, पण समजून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के स्त्रिया अ‍ॅनिमिक आढळल्या, तेव्हा प्रश्न खरा आहे. १९९९ साली इथिओपियात झालेल्या अभ्यासात लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन जास्त सुधारलं होतं. पण लोह उतरतं ते ओल्या, आंबट पदार्थांत आणि कच्च्या थरातून. कोरड्या भाकरीत फारसं नाही. म्हणजे थर जितका पक्का तितकं लोह कमी. लोह हवं असेल तर पालेभाजीला लोखंडी कढई ठेवा, थोडं लिंबू पिळा, भाजी काळपट झाली तर घाबरू नका, आणि शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. गोळी मात्र डॉक्टरने दिली असेल तर गोळीच घ्या.

आता शेवटचा आणि मुख्य प्रश्न. घेण्याआधी घरात एकदा विचारा: रात्री जेवणं झाल्यावर हा तवा पुसून, गॅसवर सुकवून, तेलाचं बोट फिरवून जागेवर कोण ठेवणार? उत्तर 'मी' असेल तर खुशाल बीड घ्या, तुमच्या नातवंडांपर्यंत जाईल. उत्तर 'बघू' असेल, किंवा तुम्ही आपोआप बायकोकडे किंवा सकाळी येणाऱ्या मावशींकडे बघत असाल, तर स्टील घ्या. मावशी तारेच्या घासणीने तुमचं चार शनिवारचं सीझनिंग एका मिनिटात काढतील, आणि त्यात त्यांची काहीही चूक नसेल. त्यांना भांडी स्वच्छ करायचे पैसे मिळतात, थर सांभाळायचे नाही.

तवा आणि पॅन सांभाळायला रोज लागतात दोन मिनिटं. ती आजवर कुणीतरी देत आलं, कुंभार, कल्हईवाला, बहुतेक वेळा घरातली बाई, आणि आपण म्हणत राहिलो की जुनी भांडी काय टिकायची! असो. बाजरीचं पीठ मळायचंय, तवा तापत ठेवतो.